मुक्कामाची गाडी

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. रात्री ही पाणी प्यायला उठली. सगळ्यांची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नाही. हॉलमधून स्वयंपाकघराकडे जाताना पायाखाली नातवाची छोटी गाडी आली. गाडी पुढे सटकली, ही मागे पडली, पडताना हात टेकला गेला आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

नातू तेव्हा तीन वर्षं आठ महिन्यांचा होता. आजीच्या हाताला पांढरं काय बांधलंय हे तो दिवसभर लांबूनच बघत होता. संध्याकाळी मुलगा कामावरून आला. त्याचा राग मला समजत होता, आईच्या हातावर प्लास्टर बघून कुठल्याही मुलाला येईल. त्यानं तांदळाची रिकामी गोणी घेतली, जमिनीवरची सगळी खेळणी तिच्यात भरली, तोंड बांधलं आणि गोणी माळ्यावर टाकली. "परत पसारा दिसला तर सरळ कचऱ्याच्या गाडीत," असं पोराला सांगितलं. पोर रडलं नाही. भिंतीला टेकून उभं राहिलं.

दोन दिवसांनी मी उशांचे अभ्रे बदलत होतो. हे काम एरवी हिचं. नातवाच्या उशीतून खणखण आवाज आला. हात घातला तर आत दोन गाड्या आणि किल्ल्यावरचा एक मावळा, भाला मोडलेला. गोणीत जायच्या आधी त्यानं कधीतरी तेवढ्या वाचवल्या होत्या आणि दोन रात्री डोक्याखाली घेऊन झोपला होता. मी त्या होत्या तशाच आत ठेवल्या आणि अभ्रा न बदलता उशी जागेवर ठेवली. तीन वर्षांच्या मुलाला आपल्याच घरात आपली वस्तू लपवावी लागते, ही गोष्ट मला फार लागली. आवरायला शिकवायला निघालो होतो आणि तो शिकला लपवायला.

रात्री मुलाला म्हटलं, "गोणी खाली काढ. यापुढचं माझ्याकडे लागलं." तो थकलेला होता, पण काही बोलला नाही, स्टूल घेऊन आला.

मी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत स्टोअरला होतो. आयुष्य रॅक, नग आणि बिन कार्डात, म्हणजे कुठल्या पेटीत किती नग याच्या नोंदीत, गेलं. त्यामुळे 'जिथली वस्तू तिथे' हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तीन वर्षांच्या मुलाला ते कसं शिकवायचं, हे मला ठाऊक नव्हतं. ते हिला ठाऊक होतं. ही सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती.

गोणी रिकामी करून मी जमिनीवर बसलो होतो, तेव्हा हिनं पलंगावरूनच विचारलं, "आता काय, 'आवर रे' म्हणून ओरडणार?"

मग ती सांगत बसली. अंगणवाडीत तिच्याकडे पंचवीस-तीस पोरं असायची आणि सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. ठोकळ्यांची एक पिशवी, मण्यांचा डबा, चार बाहुल्या, चिंचोके, शिंपले. सगळ्या पोरांना ठाऊक की मणी निळ्या डब्यात. "मी 'आवरा' असं कधी म्हटलंच नाही. 'मणी डब्यात घाला' म्हणायचे. डबा मध्ये ठेवायचे आणि पहिला मणी मीच टाकायचे. आवरा म्हटलं की पोरं नुसती बघत राहतात. काय उचलू, कुठं ठेवू, त्यांना काय कळणार?"

तिच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं नाव सारखं यायचं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, अनुताई त्यांच्या जोडीला आल्या, पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. विकतची खेळणी कुठून आणणार? बिया, दगड, पानं, शिंपले हेच साहित्य. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि त्यातूनच हिच्यासारख्या बायका गावोगावी उभ्या राहिल्या. ही ते सगळं अजून अभिमानानं सांगते, आणि तिनं सांगावंच.

मी विचारलं, "मग घरी का नाही केलंस?"

ती थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, "तिथली पोरं माझी जबाबदारी होती. हा नातू आहे. म्हटलं खेळू दे, मी आहे ना उचलायला."

दोन वर्षं रोज रात्री ती वाकून सगळं उचलत होती, टबात टाकत होती. त्या रात्री एक गाडी सोफ्याच्या सावलीत राहिली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला घेऊन मी मोजदाद केली. चटई अंथरली आणि एकेक नग लावत गेलो. गाड्या ३४, ठोकळे ११८, जनावरं २२, भातुकलीची भांडी १७, मावळे ९, तीन वेगवेगळ्या कोड्यांचे मिळून ४३ तुकडे, आणि कशातच न बसणारे २१. एकूण २६४. वाढदिवसांना जाताना-येताना मिळालेल्या भेटी, पाहुण्यांनी आणलेल्या, चिप्सच्या पुड्यातून निघालेल्या, कुणी कधी मोजल्याच नव्हत्या. हे सगळं आजवर एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात राहत होतं. तळातली एक गाडी हवी तर टब पालथा करणं हा एकच मार्ग. स्टोअरमध्ये नट, बोल्ट, वॉशर आणि ब्रेकचे पाइप मी एकाच पेटीत ठेवले असते, तर कारागिरानंही पेटी जमिनीवर ओतलीच असती. पोराची चूक नव्हती, टबाची होती.

मग आम्ही तीन ढीग केले. चालू, दुरुस्ती आणि भंगार. हे शब्द त्याला इतके आवडले की तो प्रत्येक गाडी जमिनीवर चालवून बघायचा आणि निकाल द्यायचा. चाक नसलेला एक ट्रक मी भंगारात ठेवला, त्यानं तो उचलून दुरुस्तीत ठेवला. मी ऐकलं. वस्तू त्याची, निर्णय त्याचा. मला घाई नव्हती आणि पोराबरोबर काम करायचं तर आधी वेळ हाताशी लागतो. दोन सकाळी यात गेल्या. शेवटी भंगारात ४० नग गेले, तेही त्याच्या हातानं. कचरागाडीच्या धमकीनंतर त्यानं आपणहून चाळीस वस्तू टाकायला दिल्या, याचं मला फार वाटलं.

सूनबाईनं त्याच आठवड्यात एक वाचलेलं सांगितलं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहान मुलांना एकदा चार खेळणी देऊन आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. २०१८ सालचं ते काम. चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हिनं ऐकलं आणि म्हणाली, "हे मी ट्रंकेवरून सांगितलं असतं." पण त्या माहितीचा उपयोग झाला. उरलेल्या मालातला निम्मा आम्ही कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला आणि दर रविवारी बदली करायची असं ठरलं. बदलीच्या दिवशी कपाटातून उतरलेली खेळणी त्याला नवी कोरी वाटतात, अजूनही.

आता जागा. टब मी गच्चीत नेऊन ठेवला. पुस्तकांचा जुना रॅक होता, त्याच्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या केल्या. मॉन्टेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं, तेव्हा कपाटं मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी केली होती, हेही हिच्याकडूनच कळलेलं. टबाची उंची पोराच्या छातीपर्यंत होती, आत बघायला त्याला वाकून जवळजवळ पडावं लागायचं. फळीवरचं मात्र बसल्या जागी दिसतं.

आणि मग मला आमचा टूल बोर्ड आठवला. वर्कशॉपमध्ये भिंतीवर फळा असतो, त्यावर प्रत्येक पान्याचा, पकडीचा, हातोड्याचा आकार रंगानं काढलेला असतो. हत्यार गेलं की आकार रिकामा दिसतो. संध्याकाळी कुणाला काही विचारावं लागत नाही, भिंतच सांगते की बारा नंबरचा पाना यायचाय. वाचता न येणारा माणूससुद्धा ते काम करू शकतो. नातवालाही वाचता येत नव्हतं.

पांढरा पुठ्ठा फळीच्या मापाचा कापला. चालू गाड्यांतल्या बारा निवडल्या. एकेक गाडी पुठ्ठ्यावर ठेवायची, मी गाडी धरायची आणि त्यानं स्केचपेननं कडेनं रेघ ओढायची. रेघा वाकड्यातिकड्या आल्या. मी सुधारल्या नाहीत. लाल एसटीचा आकार काढताना पेन सुटून एक शेपूट आलं, ते आजही तिथं आहे आणि त्याला ते धूर वाटतं. ठोकळे, जनावरं, भांडी यांना बुटाचे रिकामे खोके दिले आणि प्रत्येक खोक्यावर आतला एकेक नमुना दोऱ्यानं बांधला. स्टोअरमध्ये पेटीला नमुना बांधायचो तसाच. लाल ठोकळा दिसला की ठोकळ्यांचा खोका.

मला वाटलं, झालं आता काम. पहिल्या रात्री मी म्हटलं, "चला, गाड्या डेपोत." त्यानं तीन लावल्या आणि पडद्यामागे जाऊन लपला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला, तर तो खाली लोळून रडला. मुलगा मध्ये पडला, म्हणाला सगळ्या लावल्यास तर चॉकलेट. लावल्या. चौथ्या दिवशी त्यानं आधी चॉकलेट मागितलं, मग एकही गाडी उचलली नाही. चॉकलेट बंद केलं, त्यावर आणखी एक रडारड झाली.

ही पलंगावरून सगळं बघत होती. म्हणाली, "अहो, तुम्ही त्याला सांगता रात्री साडेनऊला. पेंगुळलेलं असतं ते. आणि तुम्ही खुर्चीत बसून सांगता. खाली बसा."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वेळ बदलली. संध्याकाळी सहाला आम्ही खाली बागेत जातो, त्याच्या आधीची दहा मिनिटं घेतली, तेव्हा तो ताजातवाना असतो आणि पुढे काहीतरी हवंहवंसं असतं. मी खाली चटईवर बसायला लागलो. गुडघे कुरकुरतात, पण खाली बसल्याशिवाय हे काम होत नाही, हे मी आता कुणालाही खात्रीनं सांगेन. आणि वाटणी केली: लाल गाड्या तुझ्या, बाकीच्या माझ्या. बारांपैकी लाल तीनच होत्या. तीन त्याला झेपत होत्याच, पहिल्या दिवशी तेवढ्याच तर लावल्या होत्या. आठवड्यानं लाल आणि पिवळ्या त्याच्या. मग एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "आबा, निळ्या पण माझ्या."

एकदम 'चला आवरा' म्हणणंही सोडलं. खेळ ऐन रंगात असताना कुणी हात धरून उठवलं तर मोठ्या माणसालाही राग येतो. आता मी आधी सांगतो, "अजून दोन फेऱ्या, मग डेपो." तो दोन फेऱ्या मोजून करतो, बोट वर करून. त्यानंतर मी स्वारगेटच्या आवाजात पुकारा करतो: "नगर पुणे गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." पहिली एसटी १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला आली होती, ती गोष्ट त्याला रोज ऐकायची असते, म्हणून लाल गाडी कायम नगरहूनच येते.

एक संध्याकाळ नीट लक्षात आहे. निळा टेम्पो तो आकारावर ठेवत होता आणि टेम्पो बसत नव्हता. पुढे थोडा बाहेर, मागे जागा रिकामी. त्यानं दाबून पाहिलं. उचलून परत ठेवला. जीभ ओठांच्या कोपऱ्यात, श्वास मोठ्यानं चाललेला. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. पाच-सहा वेळा झालं. मग त्यानं टेम्पो उलटा फिरवला, तोंड भिंतीकडे, आणि चारही चाकं रेघेच्या आत आली. तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. नुसता फळीकडे बघत राहिला. माझ्या तोंडावर 'शहाणा बाळ माझा' आलं होतं, मी तेवढंच म्हटलं, "टेम्पो पोचला." त्यानं मान डोलावली आणि पुढची गाडी घेतली. तेव्हापासून मी शाबासकी कमी केली आणि काय झालं ते फक्त बोलून दाखवतो. त्याला तेवढं पुरतं, बहुतेक त्याला तेच हवं असतं.

माझा एक नियम मात्र साफ चुकला, तोही सांगतो. सुरुवातीला मी स्टोअरची पद्धत लावली होती: एक खोका जमा केल्याशिवाय दुसरा मिळणार नाही. दोन दिवसांनी तो नुसता बसून राहायला लागला. विचारलं तर म्हणाला, "मला घाट करायचाय." घाटाला ठोकळे लागतात, घाटावर गाड्या लागतात, घाटाखाली गायी लागतात. तीन खोके एकदम उघडल्याशिवाय खंबाटकी घाट होतच नाही. माझ्या नियमानं पसारा थांबला होता आणि खेळही थांबला होता. तो नियम त्याच दिवशी काढून टाकला. आता एका वेळी एक खेळ, मग त्यात खोके कितीही लागोत.

आणि असा घाट संध्याकाळी सहाला मोडायचा कसा? दोन तास खपून उभा केलेला. त्याच्यासाठी देवघरातला जास्तीचा पाट काढला. घाट पाटावरच बांधायचा. अपुरा राहिला तर पाटासकट उचलून टीव्हीखाली सरकवायचा, पायवाट मोकळी राहते आणि काम सकाळी पुढे चालू. पाट उचलताना दोघांनी दोन बाजूंनी धरायचा. एकदा माझ्या बाजूनं कललं आणि अर्धा घाट कोसळला. मी म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, "दरड पडली."

राहिली उशी. अभ्र्यातल्या दोन गाड्यांबद्दल मी कुणालाच बोललो नव्हतो. बारा आकारांतले दोन रोज रिकामे असायचे, कारण त्या दोन गाड्यांचे आकार त्यानं स्वतःच काढून घेतले होते. म्हणजे पुठ्ठ्यावर रेघ ओढण्यापुरत्या त्या उशीतून बाहेर आल्या आणि परत गेल्या. मी वाट बघितली. मग एका रात्री गोष्टीत सांगितलं की एसटीच्या सगळ्याच गाड्या रात्री डेपोत येत नाहीत. काही लांबच्या गावाला मुक्कामी जातात. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि पहाटे पहिली गाडी घेऊन निघतात. "आपल्या डेपोची मुक्कामाची गाडी कुठली ठेवायची, तू ठरव. ती तुझ्या उशाशी राहील. रोज एक."

तो बराच वेळ पडून होता. मग उशीत हात घालून दोन्ही गाड्या काढल्या, एक उशाशी ठेवली आणि दुसरी माझ्या हातात दिली. "ही डेपोत," म्हणाला. मावळाही दिला. मी अंधारात जाऊन ती गाडी तिच्या आकारावर ठेवली. मुलाला सकाळी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, पण त्या संध्याकाळी ऑफिसचा डबा खाली ठेवून तो कपड्यांसकट चटईवर बसला आणि पोराला विचारलं, "माझ्या गाड्या कुठल्या रंगाच्या?" त्याला पांढऱ्या मिळाल्या.

आता चार महिने झाले. रोज सगळं जागेवर जातं असं नाही. ताप होता तेव्हा आठवडाभर काहीच केलं नाही आणि आम्हीही मागे लागलो नाही. बालवाडीला सुट्टी असली, पाहुणे आले, मामाकडची पोरं आली की अकरा आकार रिकामे असतात. त्या दिवशी मी निम्मं लावतो, तो निम्मं. कोड्याचे तुकडे त्याला अजून आवरायला आवडत नाहीत, बारीक असतात आणि संपत नाहीत. ते मी उचलतो. पण हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंतची वाट रात्री मोकळी असते. ती तो स्वतः बघून येतो.

हिचं प्लास्टर डिसेंबरच्या शेवटी निघालं. मनगट आखडलं होतं. फिजिओथेरपिस्टनं मऊ चेंडू मुठीत दाबायचा व्यायाम दिला, दिवसातून तीनदा. तसा चेंडू घरात एकच, नातवाचा. फळीवर त्याच्यासाठी गोल आकार काढलेला आहे. ही रात्री जेवण झाल्यावर पलंगावर बसून चेंडू दाबते, तेवढ्यात डोळा लागतो, चेंडू मांडीवर राहतो. मग तो येतो आणि हिचं बोट धरून हलवतो.

"आजी, चेंडू जमा करायचा राहिला."

"अरे, तूच ठेव ना जाता जाता."

"तू घेतला होतास ना?"

ती उठते. तो पुढे होऊन बटणापाशी जातो, टाचा उंच करतो, तरी हात पोचत नाही. "आबा, लाईट लावा," म्हणतो. दिवा लागेपर्यंत आजीला पलंगावरून खाली पाय ठेवू देत नाही.